सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी?

पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सम रात्री संबंध आल्यास मुलगा आणि विषम रात्री आल्यास मुलगी होते, हा समज स्मृतिग्रंथांइतका जुना आहे. पुढे रात्रींच्या जागी पंचांगातल्या तिथी आल्या आणि नियमच बदलला, तरी खात्री मात्र तेवढीच राहिली!

शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, तर स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते. त्यामुळे बाराव्या रात्रीच्या संबंधातून गर्भधारणा तेराव्या किंवा पंधराव्या दिवशीही होऊ शकते. मग सम कोणती धरायची आणि विषम कोणती? बाळाचे लिंग ठरते ते शुक्रजंतूत एक्स गुणसूत्र आहे (मुलगी) की वाय (मुलगा), यावर, आणि त्याला दिनदर्शिका वाचता येत नाही. बीज सुटण्याच्या दिवसाशी जोडलेली पाश्चात्त्य पद्धतही अशीच फसवी आहे: अमेरिकेत 221 स्त्रियांच्या नोंदींवरून 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संबंधाची वेळ आणि बाळाचे लिंग यांचा काहीही संबंध आढळला नाही.

तरीही 'आमच्याकडे अनुभव आहे' असे सांगणारे भेटतातच, कारण कोणताही उपाय साधारण निम्म्या वेळा 'लागू पडतो', आणि फसलेली माणसे बोलत नाहीत.

गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्याच्या कक्षेत 2003 पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली असून तिची जाहिरात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.