टक्का तोच, मग भाग का तुटतो?

टाकाऊ दगडी लोकरीचे, म्हणजे दगड वितळवून ओढलेले, तंतू घातलेले आमचे पॉलिप्रॉपिलीनचे दाणे वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "20 टक्के तंतूंचा माल घेतला, तरी भाग तुटतो. तंतू कमी पडलेत."

असा भाग आला की त्याचा तुकडा आम्ही भट्टीत 600 अंशांना जाळतो. प्लास्टिक उडून जातं, तंतू मागे राहतो. वजन बहुधा ठरल्याइतकंच भरतं. फरक असतो तो राखेच्या पोतात. चांगल्या भागाची राख चिमट्याने उचलली की पुंजका वर येतो. तक्रारीच्या भागाची पिठासारखी सांडते. तंतू आहे, पण मोडलेला.

भार तंतूवर यायचा तर त्याची लांबी जाडीच्या निदान तीस-चाळीस पट हवी, प्लास्टिकची त्यावरची पकड कच्ची असेल तर आणखी जास्त. त्याहून आखूड तंतू प्लास्टिकमधून नुसता निसटतो आणि भुकटीसारखी जागा भरतो. तंतू मोडतो तो मोल्डिंगच्या मशीनवर, जिथे स्क्रू दाणे वितळवून साच्यात ढकलतो. भागात तंतूंच्या गाठी दिसल्या की ऑपरेटर स्क्रूचा वेग आणि बॅक प्रेशर (वितळताना मालावर ठेवलेला दाब) वाढवतो. गाठी जातात, लांबीही जाते. कृपया दोन्ही कमीत कमी ठेवा, गेट, म्हणजे साच्यात माल शिरण्याचं तोंड, अरुंद नको. रनर (साच्याच्या वाटेत थिजलेलं प्लास्टिक) दळून पुन्हा घालायची सवय असेल, तर ताकद लागणाऱ्या भागांत ते मुळीच घालू नका.

"मग 30 टक्के द्या" असंही सांगितलं जातं. त्याने ताठपणा वाढेल, पण भाग आघाताला आणखी ठिसूळ होऊ शकतो. म्हणून आम्ही आधी भागाचं काम विचारतो. ऑर्डर लांबवायला नव्हे.

आमचा दर थोडा चढा वाटतो, त्याला कारण आहे. या लोकरीत वितळलेल्या दगडाचे न ताणले गेलेले मणी असतात. ते राहिले की तिथूनच तडा सुरू होतो, म्हणून ते चाळून काढावे लागतात. पॉलिप्रॉपिलीन दगडाला आपणहून चिकटत नाही. त्यासाठी मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन मिसळतो. यातलं एकही काम आम्ही गाळत नाही.

काचतंतूइतकी ताकद यातून मिळेल असं आम्ही सांगत नाही. कव्हर, ट्रे, ब्रॅकेट अशा ताठपणाच्या कामांना हा माल चांगला. साच्यात दोन प्रवाह जिथे मिळतात तिथे तंतू सांधा ओलांडत नाहीत, म्हणून स्क्रूचं भोक त्या रेषेवर नको. साचा बनवण्याआधी ड्रॉइंग दाखवलंत, तर ती जागा आम्ही खूण करून देऊ.

भाग परत पाठवताना सोबत मशीनची सेटिंग लिहून द्या. ती नसली की आठवडा फोनाफोनीतच जातो.