रिमोटला स्क्रीन कशी दिसते?

टीव्हीवर काहीतरी सर्च करायचंय आणि रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठायचंय, हा वैताग तुम्हीही घेतला असेलच. माझा अंगठा तर दरवेळी हव्या त्या अक्षराच्या एक घर पुढे जाऊन थांबतो. पण यात अंगठ्याचा दोष कमी आणि भूमितीचा जास्त असतो.

माऊसने किंवा बोटाने आपण स्क्रीनवर कुठेही थेट जातो. त्याचा नियम पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडला, की वस्तू जितकी मोठी आणि जवळ तितकी ती पटकन गाठता येते. रिमोटवर हे गणितच बदलतं. तिथे फोकस, म्हणजे ती उजळलेली चौकट, एका बटणावरून शेजारच्या बटणावर जाते, त्यामुळे अंतर सेंटिमीटरमधे नाही तर दाबांमधे मोजायचं. दोन बटणं स्क्रीनच्या दोन टोकांना असली पण मधे काहीच नसलं तर एक दाब, आणि चिमूटभर जागेत दहा कोंबली तर पहिल्यापासून दहाव्यापर्यंत नऊ दाब.

इंग्रजीची २६ अक्षरं एकाच ओळीत मांडली तर ए पासून झेड पर्यंत २५ दाब लागतात. ओळीच्या शेवटून परत सुरुवातीला जाता येत असेल तर कुठूनही कुठेही जास्तीत जास्त १३. आणि सहा-सहाच्या रांगा केल्या तर सगळ्यात लांबचा प्रवास एफ ते वाय, फक्त ९ दाब! बटणं तीच, नुसती मांडणी बदलली.

आता खरी गंमत. आपण "खाली" दाबलं तर नेमकं कुठलं बटण निवडायचं हे कोण ठरवतं? सरळ ग्रिड असेल तर प्रश्नच नाही, पण बटणं वाकडीतिकडी असली की मशीनला अंदाज बांधावा लागतो. अँड्रॉइडमधे यासाठी एक सूत्र आहे, ज्या दिशेला जायचंय त्या दिशेचं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा, १३ ने गुणा, मग आडवं सरकावं लागणारं अंतर घेऊन त्याचा वर्ग त्यात मिळवा, आणि ज्याची बेरीज कमी ते बटण जिंकलं. समजा एक बटण १०० पिक्सेल खाली पण ३०० पिक्सेल बाजूला आहे, बेरीज २,२०,०००. दुसरं बरोब्बर खाली पण २०० पिक्सेलवर, बेरीज ५,२०,०००. म्हणजे नाकासमोरचं सोडून फोकस तिरका पळणार.

हे होऊ नये म्हणून आणखी एक नियम आहे, चालू बटणाच्या रुंदीएवढा एक पट्टा खाली सोडायचा आणि त्यात येणाऱ्या बटणाला झुकतं माप द्यायचं. डावी-उजवीकडे जाताना पट्ट्यातलंच बटण नेहमी जिंकतं. वर-खाली जाताना मात्र तसं नाही, बाजूचं बटण जर पट्ट्यातलं सुरू व्हायच्या आधीच संपत असेल तर पट्ट्याचा फायदा जातो आणि पुन्हा ती बेरीजच बघतात. आपल्या उदाहरणातलं बाजूचं बटण ५० पिक्सेल उंच असेल तर ते १५० वर संपलं, सरळ खालचं २०० वर सुरू होतंय, त्यामुळे तिरकंच जिंकणार. आता डिझायनरने एखादं बटण "जरा बाजूला छान दिसतंय" म्हणून सरकवलं तर काय होईल विचार करा.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती परत न येता येण्याची. वरच्या रांगेत सात अरुंद कार्डं, खालच्या रांगेत पाच रुंद, एकदा खाली दाबलं, एकदा वर दाबलं, आणि आपण भलत्याच कार्डावर! डोळ्याला हे कळत नाही कारण कडा तर छान जुळलेल्या दिसतात, पण मधली बहुतेक कार्डं बरोब्बर एकमेकांखाली येत नाहीत. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक रांगेने फोकस शेवटी ज्यावर होता ते कार्ड लक्षात ठेवायचं, नाहीतर कुठून कुठे जायचं ते हातानेच ठरवून द्यायचं. ॲपलच्या टीव्हीओएसमधे, म्हणजे ॲपल टीव्हीच्या सिस्टीममधे, तर न दिसणारी चौकट ठेवता येते, फोकस रिकाम्या जागेकडे निघाला की ती त्याला हव्या त्या बटणाकडे वळवते.

तपासायला कागद पुरतो. स्क्रीनचं चित्र काढायचं, प्रत्येक बटणापासून चार बाण काढायचे, आणि ज्या बटणाकडे एकही बाण येत नाही ते रिमोटवाल्यासाठी अस्तित्वातच नाही. मी एकदा एका स्क्रीनचे असे बाण काढले तर कोपऱ्यातल्या सेटिंगच्या बटणापर्यंत एकही पोचत नव्हता, आणि ते महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं कारण टेस्टिंग सगळे माऊसने करत होते.

अजून एक बारीकशी गोष्ट, फोकस आलेलं कार्ड बऱ्याचदा थोडं फुगतं. २०० पिक्सेल रुंद कार्ड १० टक्के वाढलं तर दोन्ही बाजूंना १०-१० पिक्सेल बाहेर येतं, म्हणजे मधली फट निदान तेवढी तरी हवी, नाहीतर ते शेजाऱ्याच्या अंगावर चढतं. आणि स्क्रीनच्या अगदी कडेला लावलेलं कार्ड फुगलं की कापलंच जातं, त्यातून काही टीव्ही चित्राच्या कडा मुळातच थोड्या खातात, म्हणून चारही बाजूंना साधारण ५ टक्के जागा मोकळी सोडायची पद्धत आहे.