सर्व्हरच्या आतल्या भिंती

एकाच सर्व्हरचे भाग पाडून प्रत्येकावर वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची, ही कल्पना क्लाउडच्या जमान्यातली नव्हे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये अशी वाटणी करणारं सीपी-४० आणि पाठोपाठ सीपी-६७ तयार झालं. १९७२ मध्ये त्याच वाटेवरचं व्हीएम/३७० जाहीर झालं. आख्खं यंत्र आपल्या एकट्याचंच आहे, असं प्रत्येक वापरणाऱ्याला वाटे. ही वाटणी सॉफ्टवेअर करत होतं आणि त्याचा भार मूळ कामावर पडत होता. तो कमी करण्यासाठी वाटणीचं काम हार्डवेअर आणि फर्मवेअरकडे, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरकडे, गेलं. आधी आयबीएमशी सुसंगत मेनफ्रेम (मोठे व्यावसायिक संगणक) बनवणाऱ्या अ‍ॅमडॉलने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मल्टिपल डोमेन फॅसिलिटी’ आणली, मग १९८८ मध्ये आयबीएमने आपल्या ३०९० मेनफ्रेमसाठी तशीच पीआर/एसएम ही सोय आणली. एलपार, म्हणजे यंत्राचे असे पाडलेले लॉजिकल पार्टिशन, तिथून रुळले.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात हे यायला आणखी जवळपास दशक गेलं. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९६ मध्ये क्रे रिसर्च घेतली, पण क्रेचा स्पार्क प्रोसेसरवर चालणाऱ्या सर्व्हरचा धंदा तिला नको होता. तो तिने आपल्या प्रतिस्पर्ध्याला, सन मायक्रोसिस्टिम्सला विकला. त्यातून १९९७ मध्ये एंटरप्राइज १०००० ऊर्फ स्टारफायर हे सर्व्हर बाजारात आलं आणि सनसाठी सोन्याची खाण ठरलं. असा सौदा विरळाच.

स्टारफायरमध्ये १६ सिस्टिम बोर्ड, प्रत्येकावर ४ पर्यंत प्रोसेसर. काही बोर्ड एकत्र केले की झालं एक डोमेन, म्हणजे सर्व्हरचा एक स्वतंत्र वाटा, स्वतःच्या सोलारिससकट (सोलारिस म्हणजे सनचं युनिक्स). एका डोमेनचा बोर्ड बिघडला तरी सहसा शेजारच्याला झळ लागत नसे. चालू डोमेनमधून बोर्ड काढून दुसऱ्याला देता येई. त्यासाठी सोलारिस आधी त्या बोर्डवरच्या मेमरीतली पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक तुकडे, दुसरीकडे हलवायचं. पण कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, काही पानं अशी हलत नाहीत. ती त्याच बोर्डवर असली, तर सगळी सिस्टिम थोडा वेळ गोठवून त्यांची नक्कल करावी लागे. एखाद्या डिव्हाइसचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) थांबायला तयार नसला, की गाडी तिथेच अडायची.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. बोर्डपेक्षा लहान वाटा पाडता येत नव्हता. एका प्रोसेसरचं काम असलं तरी आख्खा बोर्ड द्यावा लागे. एचपीने हार्डवेअरच्या सीमेवरचे एनपार आणि सॉफ्टवेअरने पाडलेले व्हीपार असे दोन्ही पर्याय ठेवले. आयबीएमने २००४ मध्ये पॉवर५ या चिपवर प्रोसेसरच्या दहाव्या हिश्शापर्यंत मजल मारली.

सनने वेगळी वाट धरली. २००५ च्या अल्ट्रास्पार्क टी१ या चिपमध्ये ८ कोर (काम करणारे गाभे) आणि ३२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) होते. एकेक थ्रेड एकेका डोमेनला देऊन टाकायचा. आळीपाळीने वेळ वाटत बसायचं नाही. २००७ मध्ये आलेल्या लॉजिकल डोमेन्सचा, म्हणजे एलडॉम्सचा, हा गाभा. चिपमध्येच कर्नलच्या वर एक जास्त अधिकाराची पातळी होती आणि तिथे छोटा हायपरव्हायझर, म्हणजे डोमेनची वाटणी सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसत असे. डोमेन ज्याला खरा मेमरी पत्ता समजे, तोही हायपरव्हायझर पुन्हा तपासून प्रत्यक्ष पत्त्यावर नेई.

इनपुट-आउटपुटचं कोडं मात्र इतकं सहज सुटलं नाही. पीसीआय बस, म्हणजे उपकरणं जोडायचे मार्ग, मोजक्याच, म्हणून त्या ज्यांच्याकडे नसत त्या डोमेनना डिस्क आणि नेटवर्क त्या बाळगणाऱ्या सर्व्हिस डोमेनमार्फत मिळत. ते रीबूट झालं की त्याच्यावर अवलंबून असलेली डोमेन मरत नसत, पण ते परत येईपर्यंत डिस्कची वाट बघत ताटकळत. स्टारफायरमधली पोलादी भिंत इथे पातळ झाली होती आणि त्या बदल्यात हवे तेवढे लहान वाटे मिळाले. माझ्या मते हा व्यवहार बहुतेकांना फायद्याचाच होता.

पुढे ओरॅकलने सन घेतली आणि एलडॉम्सचं नाव ‘ओरॅकल व्हीएम सर्व्हर फॉर स्पार्क’ झालं. एव्हाना इंटेल आणि एएमडीच्या चिपमध्येही व्हर्च्युअलायझेशनची सोय आली होती आणि बाजार तिकडे वळला होता. तरी २०१३ च्या एम५-३२ या ओरॅकलच्या सर्व्हरमध्ये दोन्ही भिंती एकत्र नांदल्या: बाहेर हार्डवेअरची फिजिकल डोमेन, आत लॉजिकल.

सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या हिशेबात हा फरक अजून जिवंत आहे. ओरॅकलच्या धोरणात एलपार आणि ठरावीक अटींवर एलडॉम्स ‘हार्ड पार्टिशनिंग’ (पक्की वाटणी) ठरतात, व्हीएमवेअर हे सॉफ्टवेअरने वाटणी करणारं उत्पादन ठरत नाही. पहिल्या प्रकारात डोमेनला दिलेल्या कोरपुरतेच पैसे मोजायचे. दुसऱ्यात ओरॅकल सगळ्या यंत्राचा हिशेब मांडतं.