भिशी, कडकनाथ आणि आता ट्रेडिंग ॲप : पैसे दुप्पट करून देणाऱ्यांचा मागचा इतिहास

कोल्हापूरचा कुठलाही पेपर उघडा, शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली कुणाचे तरी काही लाख गेलेत ही बातमी दिसतेच. त्यावर लोकांचं ठरलेलं वाक्य पण असतं, एवढी शिकलेली माणसं फसतात तरी कशी. मला वाटतं प्रश्नच चुकतोय, कारण हा धंदा शिकलेला-अडाणी बघत नाही, ज्या गोष्टीवर आपला आधीपासून विश्वास आहे तिचा सदरा घालून तो येतो, आणि हे मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आपल्याकडं विश्वासाचा व्यवहार म्हणजे भिशी. तालमीत, गुजरीत, लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांत, बायकांच्या गटात, सगळीकडं. समजा वीस जण, प्रत्येकी ५ हजार, म्हणजे एक लाखाची भिशी, एखाद्याला नड असली तर तो लिलावात ८० हजाराला उचलणार, वरचे २० हजार बाकीच्यांत वाटले जाणार. ह्यात जास्तीचा पैसा कुठनं आला हे सगळ्यांना दिसतं आणि बुडवणारा त्याच गल्लीत राहतो. भिशी पण बुडतात, नाही असं नाही, पण निदान कुणाच्या दारात जाऊन बसायचं ते माहीत असतं.

ह्याच्या बरोबर उलटा प्रकार म्हणजे पॉन्झी. १९२० साली अमेरिकेत बॉस्टनला चार्ल्स पॉन्झीनं ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून लोकांकडनं पैसे घेतले, सांगायला कारण होतं परदेशी पोस्टाची कूपनं स्वस्तात घेऊन महागात विकायचं, खरं तर नव्या माणसाचे पैसे जुन्याला दिले जात होते. त्याच वर्षी सगळं कोसळलं. आज जे जे येतं त्याचं मशीन हेच आहे, फक्त कूपनाच्या जागी दुसरं काहीतरी असतं. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की पहिले हप्ते खरोखर मिळतात! मिळाले म्हणून स्कीम खरी असं आपण म्हणतो, पण ते मिळणं हाच सापळ्याचा भाग असतो, तो खर्च त्यांनी आधीच धरलेला असतो.

आपल्या देशात अशा बक्षीस चिट (हप्ते गोळा करून सोडतीनं बक्षीस द्यायचं) आणि साखळी योजनांवर बंदीचा कायदा १९७८ ला आला. मग ह्या लोकांनी रूप बदललं. नव्वदच्या दशकात सागवानाच्या कंपन्या निघाल्या, झाड तुमच्या नावावर आणि वीस वर्षांनी लाखो रुपये. ते बुडाल्यावर १९९९ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले, महाराष्ट्रानं ठेवीदारांच्या संरक्षणाचा एमपीआयडी कायदा केला. तरी पर्ल्स म्हणजे पीएसीएल जमिनीच्या नावावर वर्षानुवर्षं पैसे गोळा करतच राहिली, २०१४ मध्ये सेबीनं परत करायला सांगितले तेव्हा आकडा ४९,१०० कोटी होता आणि गुंतवणूकदार साडेपाच कोटींच्या वर. कायदा कायम एक घर मागं. चिटवर आला तोवर झाडं, झाडांवर आला तोवर प्लॉट.

आपल्या भागाचं एक वेगळंच आहे, इथं शेतकऱ्याच्या हातात पैसा ठराविक वेळेला येतो. उसाचं बिल, दिवाळीच्या आधी दुधाचा फरक. एजंटला ते तोंडपाठ असतं, आणि एजंट म्हणजे बाहेरचा कुणी नसतो, मेहुणा, मास्तर, सोसायटीतला ओळखीचा, त्याला स्वतःला पण कमिशन मिळालेलं असतं म्हणून तो पोटतिडकीनं सांगतो. २०१९ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण फुटलं. पिल्लं कंपनीकडनं घ्यायची, अंडी आणि कोंबड्या कंपनीच परत घेणार. तमिळनाडूत २०१२ ला इमू पक्ष्यांचं अगदी असंच झालं होतं, पण पेरुंदुराईची बातमी इकडं कोण वाचणार. शहरवाल्यांनी शेतकऱ्यांना हसू नये, २०२२ मध्ये कोल्हापुरातच एएस ट्रेडर्सच्या प्रकरणात शाहूपुरी पोलिसांत गुन्हा दाखल झाला, तिथं कोंबड्या नव्हत्या, शेअर मार्केटचं नाव होतं.

ऑनलाईनची सुरुवात मात्र त्याच्या आधीची आहे. २०११ ला स्पीक एशिया आठवतंय का? ११ हजार भरायचे आणि घरबसल्या सर्व्हे भरून कमवायचे. मग बिटकॉइन आलं, गेनबिटकॉइनवाले महिन्याला १० टक्के १८ महिने देतो म्हणायचे, २०१८ ला पुणे पोलिसांनी म्होरक्याला पकडलं. महिन्याला १० टक्के ऐकायला थोडं वाटतं, पण चक्रवाढीनं एका लाखाचे वर्षात ३ लाख १३ हजार होतात, असा धंदा सापडला तर माणूस बँकेतनं कर्ज काढून एकटा करेल, तुमच्या दारात कशाला येईल.

खरा फरक पडला तो २०१६ नंतर. यूपीआय आलं, डेटा स्वस्त झाला, मग लॉकडाऊन, घरात बसून पोरांनी शेअर ठेवायची डिमॅट खाती उघडली. मार्च २०२० ला देशात ४ कोटींच्या आसपास होती ती ऑगस्ट २०२२ ला १० कोटी झाली. म्हणजे नवा विश्वास तयार झाला होता, शेअर मार्केटवरचा, आणि सदरा त्याचाच शिवला गेला.

आता कसं चालतं बघा. तुम्हाला न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ॲड करतात. तिथं एक 'सर' असतात, एक गोड बोलणारी असिस्टंट असते, आणि शंभरेक मेंबर रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकून 'थँक्यू सर' म्हणत असतात, त्यातले बहुतेक त्यांचेच नंबर. मग एक लिंक, नावाजलेल्या ब्रोकरसारखंच दिसणारं ॲप, तिथं 'इन्स्टिट्यूशनल अकाउंट' म्हणजे मोठ्या संस्थांच्या खात्यामधनं आयपीओ (कंपनीचे पहिल्यांदाच विकायला आलेले शेअर) नक्की लागणार. सेबीनं फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलंय की परदेशी संस्थांच्या मार्गानं इथल्या सामान्य माणसाला ट्रेडिंग करता येत नाही, पण ते कोण वाचतं. सुरुवातीला दोन-चार हजार काढू देतात (पॉन्झीचा पहिला हप्ता!), मोठी रक्कम काढायला गेलं की आधी २० टक्के टॅक्स भरा. हे एकच वाक्य पकडायला पुरेसं आहे. शेअरच्या नफ्यावरचा कर माणूस स्वतः आयकर खात्याला भरतो, स्वतःचे पैसे काढायला कुठलाही खरा ब्रोकर तो आधी मागत नाही.

ॲपवरचा आकडा म्हणजे नुसतं चित्र. शेअर खरंच घेतले असतील तर ते शेअरची नोंद ठेवणाऱ्या सीडीएसएल किंवा एनएसडीएल ह्या संस्थांकडं दिसतात, व्यवहाराचं स्टेटमेंट मेलवर येतं. तिथं नाही म्हणजे घेतलेच नाहीत. पैसे कुठल्या खात्यात चाललेत तेही बघा, ब्रोकरच्या नावाऐवजी तिसऱ्याच राज्यातल्या कुठल्यातरी ट्रेडर्सचं खातं असलं तर ते भाड्यानं घेतलेलं असतं, आणि आपली कॉलेजची पोरंच काही हजारांसाठी असली खाती देतात, नंतर पोलीस त्यांच्याच दारात येतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीनं नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांना वेगळे यूपीआय आयडी दिलेत, पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात वर केलेल्या अंगठ्याची (थम्स-अप) खूण दिसते.

पलीकडं बसलेला माणूस कोण, हाही इतिहासातला नवा भाग. म्यानमार, कंबोडियात कंपाऊंड म्हणजे फसवणुकीचे बंदिस्त अड्डे आहेत, तिथं नोकरीच्या आमिषानं नेलेली पोरं कोंडून हे काम करून घेतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरनं ५०० हून जास्त भारतीय विमानानं परत आणले. ज्याच्या दारात जाऊन बसायचं तो माणूसच आता राहिला नाही.

त्यामुळं वेळ फार महत्त्वाची. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येऊ शकतात, आधी घरात लपवायचं, मग ओळखीच्या हवालदाराला विचारायचं, ह्यात दिवस गेला की ते चार खाती ओलांडून गेलेले असतात. आणि अजून एक, फसल्यावर महिन्याभरानं 'तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फी भरा' असा फोन येतो, तोही त्यांचाच. पर्ल्सच्या वेळी पण मूळ सर्टिफिकेट कुणाच्या हातात देऊ नका असं सेबीला गुंतवणूकदारांना सांगावं लागलं होतं.