टाचणीची ओळख शेपटाच्या टोकाला

भातखाचराच्या बांधावर उकिडवं बसलं, की थोड्या वेळाने वारा नसताना एक गवताचं पातं सरकल्यासारखं वाटतं. ती टाचणी असते, चतुराच्या नात्यातला बारीक, नाजूक कीटक. डोक्यापासून शेपटापर्यंत जेमतेम दोन सेंटिमीटर, काळं-हिरवं अंग, टोकाला विटकरी रंग. चतुराला ‘हेलिकॉप्टर’ म्हणत त्याच्यामागे धावण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांनीही ही बहुधा पाहिलेली नसते.

शास्त्रात तिची नोंद मात्र जुनी आहे. १८४२ मध्ये फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रांबूर यांनी तिला ‘पिग्मिया’ म्हणजे ठेंगू असं नाव दिलं. पुढे १८७७ मध्ये बेल्जियमच्या सेलिस-लाँगशाँ यांनी अशा चिमुकल्यांसाठी ‘अ‍ॅग्रिओक्नेमिस’ ही वेगळी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, केली. ब्रिटिश अभ्यासक लेडलॉ यांनी १९१९ मध्ये या गटात पिएरिस आणि स्प्लेंडिडिसिमा या जातींची भर घातली.

मग आले फ्रेझर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या या डॉक्टरांचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले चतुर-टाचण्यांवरचे तीन खंड १९३३ ते १९३६ दरम्यान निघाले. टाचणी मेली की काही दिवसांत तिचा रंग विटतो, निळ्याचा तपकिरी होतो. त्यामुळे संग्रहातल्या वाळक्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांची खरी भिस्त पंखांच्या शिरांवर आणि नराच्या शेपटाला असलेल्या चिमट्यांवर. जोडीला भिंग हवंच.

डिजिटल कॅमेरा आल्यावर जिवंत टाचणीचा रंग घरबसल्या दिसू लागला, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच वाढला. पिग्मियाची कोवळी मादी लालसर असते, वय वाढलं की हिरवी होते. इश्नुरा सेनेगालेन्सिस या दुसऱ्या टाचणीच्या काही माद्या थेट नरासारख्याच दिसतात. पिग्मियाच्याच गटातल्या फेमिना जातीच्या म्हाताऱ्या नराच्या छातीवर राखेसारखी पांढरी पूड धरते, पण त्याचा तरुण भाऊ पिग्मियाचा जुळा वाटावा असा. या दोघांत फरक करायला पुन्हा शेपूटच बघावं लागतं: पिग्मियात वरचे चिमटे लांब, फेमिनात खालचे. म्हणून जाणकार फोटो मागतात तो बाजूने काढलेला, शेपटाचं टोक स्पष्ट दिसणारा. वरून काढलेला सुंदर फोटो इथे कुचकामी.

नावंही बदलत राहिली. आपल्याकडची पिवळ्या शेपटाची, निळ्या टोकाची छोटी टाचणी जुन्या याद्यांत ‘इश्नुरा अरोरा’ म्हणून सापडते. अरोरा ही मुळात ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांकडची. गेल्या दोन दशकांत आपली जात तिच्यापासून वेगळी मानली गेली आणि सेलिस यांनी १८७६ मध्येच दिलेलं ‘रुबिलिओ’ हे नाव तिला परत मिळालं. २०१९ मध्ये तर सिंधुदुर्गातून सेरिएग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणीची संपूर्ण नवीन जात नोंदली गेली.

माद्यांचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. त्यांना नरासारखे चिमटे नसतात. डोक्यामागच्या चिमुकल्या पट्टीचा आकार तपासावा लागतो आणि फोटोत ती क्वचितच नीट येते. जवळपास नर नसेल, तर शहाणा निरीक्षक वहीत ‘अ‍ॅग्रिओक्नेमिस, मादी’ एवढंच लिहून पुढे सरकतो.