स्वेडचा पट्टा, पण चामड्याविना

घड्याळाच्या पट्ट्यांमध्ये हल्ली अल्कांताराचे, म्हणजे स्वेडसारख्या (लव असलेल्या मऊ चामड्यासारख्या) कृत्रिम कापडाचे पट्टे बरेच दिसतात, हात लावला की मऊसूत, बोट फिरवलं की लव एकदा गडद एकदा फिकी, आणि बघणाऱ्याला वाटतं हे चामडंच. प्रत्यक्षात त्यात चामडं अजिबात नसतं, साधारण 68 टक्के पॉलिस्टर आणि 32 टक्के पॉलियुरेथेन (एक लवचीक प्लास्टिक), एवढंच. मग ज्या पॉलिस्टरचा शर्ट उन्हाळ्यात नकोसा होतो तेच इथे इतकं मऊ कसं लागतं?

सगळी गंमत तंतूच्या जाडीत आहे. खऱ्या स्वेडमध्ये कातड्याची आतली बाजू घासून कोलॅजन या कातड्यातल्या प्रथिनाचे बारीक तंतू मोकळे केलेले असतात. तितका बारीक पॉलिस्टर तंतू सरळ ओढायला गेलं तर तुटतो. 1970 साली जपानच्या तोरे कंपनीतले मियोशी ओकामोतो यांनी यावर जो तोडगा काढला तो मला खरंच अफाट वाटतो. त्यांनी बारीक तंतू एकेकटे काढलेच नाहीत, दुसऱ्या एका पॉलिमरच्या जाड धाग्यात लपवून काढले, समुद्रात बेटं असावीत तसे. त्या जाड धाग्यांचा थर काटेरी सुयांनी टोचून टोचून गुंतवायचा, विणकाम नाहीच, आणि मग सॉल्व्हंटने समुद्र विरघळवून टाकायचा, की बेटं तेवढी उरतात. तंतू जागचे हलू नयेत म्हणून पॉलियुरेथेन, आणि शेवटी पॉलिश पेपरने घासून लव काढायची. यातूनच तोरेचं अल्ट्रास्वेड हे कापड आलं, आणि 1972 मध्ये तोरेच्याच भागीदारीतून इटलीत अल्कांतारा कंपनी सुरू झाली.

आकडा बघा. डेनिअर हे तंतूच्या जाडीचं माप, 0.1 डेनिअरचा तंतू म्हणजे 9000 मीटर लांबीचं वजन 0.1 ग्रॅम, म्हणजे एका ग्रॅममध्ये 90 किलोमीटर! जाडी जेमतेम 3 मायक्रॉन, आपला केस याच्या वीसेकपट जाड.

पट्ट्यासाठी याचे फायदे आहेतच, पॉलिस्टर पाणी जवळपास पीत नाही त्यामुळे पावसात भिजला तरी चामड्यासारखा कडक होत नाही, बुरशीचा त्रासही कमी. पण तंतू बारीक झाला की तेवढ्याच वजनात पृष्ठभाग कितीतरी वाढतो, आणि मनगटाचं तेल, क्रीम, मळ त्या फटींमध्ये ओढला जातो, पॉलिस्टरला तेल तसंही आवडतं. मग बक्कलजवळ आणि कडांना लव चपटी होऊन चकाकायला लागते. तो डाग नसतो, तेलाने चिकटून आडवे झालेले तंतू असतात, त्यामुळे ओल्या फडक्याने आणि किंचित सौम्य साबणाने हळूच पुसून, सुकल्यावर मऊ ब्रशने लव उभी केली की बऱ्यापैकी सुधारतो. वेळीच करा मात्र, जास्त घासलं तर तंतूंच्या गोळ्या होतात.

आणि घेताना पट्टा उलटा करून आतलं अस्तर नक्की बघा. घामाशी गाठ त्याचीच असते, म्हणून रोजच्या वापराला मी तरी रबराचं अस्तर असलेलाच घेईन, चामड्याचं असेल तर पाण्याची काळजी पुन्हा आलीच.