पासवर्ड खरा, धमकी खोटी

मेलच्या विषयाच्या जागी तुमचा पासवर्ड असतो. खाली मजकूर: मी तुझ्या संगणकात शिरलोय, कॅमेरा चालू करून नको ते चित्रण केलंय, ४८ तासांत बिटकॉइन पाठव, नाहीतर व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना जाईल. विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या हे वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो त्या पासवर्डमुळे. पासवर्ड खरा निघाला म्हणजे उरलेलंही खरं असणार, असा हिशेब मन परस्पर करून टाकतं. २०१८ च्या जुलैपासून जगभर फिरणाऱ्या या पत्रांची कमाई याच हिशेबावर चालते.

हा पासवर्ड तुमच्या संगणकातून आलेला नसतो. कधीकाळी तुम्ही नाव नोंदवलेल्या एखाद्या वेबसाइटची वही फुटलेली असते. लिंक्डइनचं उदाहरण घ्या. २०१२ साली तिथून सुमारे ६५ लाख पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेल्या सांकेतिक ओळी, बाहेर आले अशी बातमी होती. २०१६ मध्ये त्याच चोरीतला ११ कोटींहून जास्त खात्यांचा माल विकायला निघाला. पण वहीत पासवर्ड नव्हते, हॅश होते. मग पत्रात अख्खा पासवर्ड कसा येतो? खरी गंमत इथे आहे.

हॅश म्हणजे गिरणीतून निघालेलं पीठ. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. मात्र ही गिरणी कमालीची काटेकोर: तेच दाणे टाकले की तंतोतंत तेच पीठ, आणि एक दाणा बदलला की पीठ ओळखू येणार नाही इतकं वेगळं. एसएचए-१ नावाच्या गिरणीत ‘पासवर्ड’ हाच इंग्रजी शब्द, आठही अक्षरं लहान लिपीत, टाकला तर ४० चिन्हांची ओळ निघते आणि ती ५बीएए६ अशी सुरू होते. मुंबईत दळा नाहीतर मॉस्कोत, ओळ हीच. तुम्ही लॉगिन करता तेव्हा वेबसाइट तुमचे दाणे पुन्हा दळते आणि वहीतल्या पिठाशी ताडून पाहते. तुमचा मूळ पासवर्ड तिला साठवावाच लागत नाही.

चोरानेही पिठाचा गहू केलेला नसतो. तो स्वतःची गिरणी लावतो. मुलांची नावं, जन्मसालं, ‘मुंबई१२३’, ‘साईराम@१’ असं सगळं दळत सुटतो आणि निघालेलं पीठ चोरलेल्या यादीत आहे का ते बघतो. व्हिडिओ गेमसाठी घेतात तसलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड एसएचए-१ ची सेकंदाला हजार कोटी दळणं सहज काढतं. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सगळे मिळून शब्द होतात २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. एकवीस सेकंदांत काम खलास. तेही एका माणसापुरतं नाही: एकदा दळलं की यादीतल्या कोट्यवधी लोकांशी एकदमच ताडता येतं, कारण सारखा पासवर्ड असलेल्या सगळ्यांचं पीठही सारखंच.

यावर उतारा मिठाचा. पासवर्डात प्रत्येकासाठी वेगळी, यदृच्छेने निवडलेली चिन्हं मिसळून मग दळायचं. या चिन्हांना सॉल्टच म्हणतात, आणि तो हॅशच्या शेजारी उघडाच लिहून ठेवतात. ‘उघडा ठेवला तर उपयोग काय?’ असं वाटेल. पण सॉल्ट लपवण्यासाठी नसतोच. त्याच्यामुळे चोराला प्रत्येक माणसासाठी गिरणी नव्याने चालवावी लागते. शिवाय बीक्रिप्टसारखी मुद्दाम मंद केलेली गिरणी वापरली आणि सेकंदाला दहा हजारच दळणं निघाली, तर त्याच आठ अक्षरांना आठ महिने लागतात, तेही दर माणशी. लिंक्डइनच्या त्या वहीत सॉल्ट नव्हता. काही साइट तर पासवर्ड सरळ जसाच्या तसा ठेवतात. २००९ साली रॉकयू या कंपनीकडून असेच तीन कोटींवर पासवर्ड गेले.

उरलेलं काम कारकुनी आहे. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलावर मजकूर तोच, फक्त नाव आणि फ्लॅट नंबर बदलतो, तसं इथे ईमेल आणि पासवर्ड बदलतात. अनेकांना बिटकॉइनचा पत्ता एकच दिला असेल, तर पैसे कोणी भरले हेही पत्र पाठवणाऱ्याला कळत नाही. मग कोणाचा ‘व्हिडिओ’ पुसणार? हे पत्र २१ जणांना पाठवा नाहीतर कोप होईल, अशी पोस्टकार्डं पूर्वी घरोघरी यायची. त्याच कोपाची ही डिजिटल आवृत्ती, फक्त देवीच्या जागी हॅकर बसलाय.

मेल तुमच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसला तरी घाबरू नका. पाकिटामागे पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहू शकतो, तसंच हे. संगणकावर जीमेलमध्ये तीन ठिपक्यांखाली ‘मूळ दाखवा’ निवडा. तिथे एसपीएफ आणि डीमार्क या पाठवणाऱ्याचा पत्ता पडताळणाऱ्या तपासण्यांपुढे ‘फेल’ दिसलं तर पत्ता बनावट. तुमच्या इमारतीचा फोटो जोडला असेल तर तो गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर मिळतो. मुंबईत ती सोय २०२२ पासून आहे.

उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका, जोडलेली पीडीएफ उघडू नका. तो पासवर्ड अजून कुठे चालू आहे का ते मात्र शोधा. सायबर सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर ईमेल टाकला की तो कोणकोणत्या चोरीत सापडला ते दिसतं. पासवर्ड तपासायची सोयही तिथे आहे, आणि पासवर्ड पलीकडे जातच नाही. तुमचा ब्राउझर त्याचा हॅश काढून फक्त पहिली पाच चिन्हं पाठवतो. टपाल कार्यालयाला ‘४०००२८ मधली सगळी नावं द्या’ म्हणावं आणि आपलं नाव घरी येऊन शोधावं, तसं. पाच चिन्हांचे असे ‘पिनकोड’ एकूण १०,४८,५७६, आणि प्रत्येकात निदान शेकडो हॅश. तुम्ही कोणाला शोधताय ते टपाल कार्यालयाला कळत नाही. ‘डार्क वेबवरून तुमची माहिती पुसून देतो’ म्हणणाऱ्यांना मात्र एक रुपयाही देऊ नका. बाहेर गेलेली यादी परत येत नाही.

बदलायला सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येतात. ‘मुंबई१२३’ चं ‘मुंबई१२४’ करणं फुकट: शेवटचा आकडा बदलून पाहणं हा चोराच्या गिरणीचा पहिला नियम. पासवर्ड मॅनेजरला सोळा-वीस अक्षरांचा, प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड बनवू द्या. द्विस्तरीय पडताळणी ऑथेंटिकेटर ॲपवर, म्हणजे फोनवरच कोड बनवणाऱ्या ॲपवर, ठेवा. एसएमएसवरचा ओटीपी सिम कार्ड बदलून पळवता येतो. मग खात्यात शिरलेल्या उपकरणांची यादी बघून अनोळखी बाहेर काढा, आणि मेल दुसरीकडे फॉरवर्ड होत नाही ना तेही पाहा. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात, आणि पासवर्ड बदलूनही पत्रं बाहेर जात राहतात.

मेलसोबत खरोखरच तुमचा खासगी फोटो आला असेल, किंवा अनोळखी व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलनंतर धमकी सुरू झाली असेल, तर ते प्रकरण वेगळं. तिथे चित्रण खरं असू शकतं. तेव्हाही पैसे देऊ नका, मागणी वाढत जाते. स्क्रीनशॉट आणि नंबर जपून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते. बिटकॉइनला ती सोय नाही.